लव्हाळ्यातली सुगरण

हे मी कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, लेकींनाही नाही.

तुम्ही सुगरणीचे खोपे पाहिले असतीलच — विहिरीवरच्या बाभळीला लोंबणारे, लांब नळीचे. गावात सगळ्यांना तीच एक सुगरण ठाऊक. दुसऱ्या जातीची शोधली जैबुननं. जैबुन पिंजाऱ्याची मुलगी, शाळेत माझ्याशेजारी बसायची. तिनं मला तलावावर नेलं.

"शांते, डोळे हायेत का बटनं? पाह्य ना! बाभळीवरच्या नराची छाती कोरी पिवळी. याच्या छातीवर काळ्या रेघा!"

खरंच होत्या. खोपाही वेगळा — बुटका, पाण्यालगत, लव्हाळ्याच्या उभ्या काड्या भिंतीत विणलेल्या. पिल्लं उडून गेलेला एक खोपा तिनं काड्यांसकट आणला. घरी भावंडं फाडतील म्हणून माझ्यापाशी ठेवला.

जैबुननं मास्तरांना हे सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "सोमवारी खोपा आन, बापालेही आन. खरं निघालं तं मी सांगतो त्याले, पोरीले चौथीपर्यंत राहू दे."

बाप तिला त्याच महिन्यात शाळेतून काढणार होता. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असूनही — कसं लिहू? — रविवारी मी तो खोपा चुलीत घातला. किती वेळ लागतो वाळल्या गवताला?

सोमवारी मास्तरांनी विचारलं, "काहून गं शांता, खोपा तुह्यापाशी हाये म्हन्ते हे?"

"कोनता खोपा? मी तं तलावावर गेलीच नाही."

जैबुन रडली नाही, भांडली नाही. माझ्याकडे बघत राहिली — मी आता हसेन, मस्करी केली म्हणेन, याची वाट पाहत. बाप दारात उभा होता. "खोटं बोलाले शिकली शाळेत? चाल घरी," म्हणाला. ती गेली, ती पुन्हा आली नाही.

तलावावर गेल्याचं कळलं असतं तर आईनं मारलं असतं — इतकी वर्षं मनाला हेच सांगत आले. पण आईनं मला कधी मारलं होतं? वर्गात जैबुनचा पहिला नंबर होता, माझा दुसरा. एवढंच होतं ते.

त्या वर्षी पहिला नंबर माझा आला. चौथी झाले, लग्न होऊन मेडशीला आले. माहेरी गेले की पिंजाऱ्याच्या दारावरून जायचं टाळत असे. आत जैबुनच रुई पिंजत असायची.

सुगरणी दोन आहेत. जैबुन खरं बोलत होती — आणि हे सांगू शकणारी त्या वर्गात मी एकटीच होते.