अस्तरातली बटणं

तार्नाबान्या गावात फुटबॉलच्या जुन्या पोरांपेक्षा नवी सरस की नव्यांपेक्षा जुनी, हा वाद तोंडाने कधीच मिटला नाही. तो टेबलावर, बटणांनी मिटवायचा, अशी तिथली रीत. सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी खाणकामगारांचा सण असे. त्या दिवशी गावच्या सभागृहात हिरव्या रंगाचं लाकडी टेबल मांडलं जाई. एका बाजूला सहासष्ट सालचा कुमार संघ, दुसऱ्या बाजूला चौऱ्याऐंशीचा. खेळाडू म्हणजे ओव्हरकोटाची बटणं. कंगव्याने बटणाची कड दाबली की ते सुळकन पुढे सरके आणि चेंडूला टोला देई. चेंडू म्हणजे जुन्या चड्डीचं इवलंसं पांढरं बटण आणि गोलकीपर म्हणजे शिसं भरलेली काडेपेटी. जिंकणाऱ्या संघाचा फोटो पुढे वर्षभर सभागृहाच्या दारावर लागे.

नियम एकच, पण कडक. बटण त्या खेळाडूच्या घरच्या कोटाचंच हवं.

एतेल्काला हा नियम कुणी शिकवायची गरज नव्हती. सहासष्ट साली ती गावातल्या शिंप्यांच्या सहकारी संस्थेत उमेदवारीला होती. गावातले सगळे कोट तिथेच शिवले जात आणि बटणं लावणं एवढंच तेव्हा तिचं काम. त्या शरद ऋतूत पोरांनी जिल्ह्याचा चषक आणला आणि एकामागून एक बाप दुकानात येऊन म्हणू लागले, "पोरी, माझ्या कोटाचं वरचं बटण काप. पोराचं बटण करायचंय." तिने कापलं आणि जागा भरायला दुसरं लावू का, असं विचारलं, तर बाप डोळे वटारत. "खबरदार! लोकांना कळायचं कसं?" तो सबंध हिवाळा गावातले ते बाप कडाक्याच्या थंडीत गळा उघडा टाकून फिरले. ज्याच्या कोटाला वरचं बटण नाही, त्याचा मुलगा संघात. खोकून खोकून बेजार झाले, पण ताठ मानेने.

त्या संघात डाव्या बाजूने खेळणारा वेंदेल पुढे एतेल्काचा नवरा झाला. तो जाऊनही आता बरीच वर्षं झाली होती. त्याचं बटण मात्र अजून खेळत होतं, केलेमेनच्या हाताखाली.

केलेमेन त्याच संघाचा कप्तान. खाण बंद झाली, त्याचे केस गेले, दात गेले, पण कप्तानी काही गेली नाही. दर सणाला तो सहासष्टचा संघ टेबलावर मांडी आणि देझो न्हाव्याच्या चौऱ्याऐंशीच्या संघाला पाणी पाजी. देझोची बटणं प्लास्टिकची, पोकळ. धक्का लागला की कोलांट्या उड्या मारीत. सहासष्टची बटणं खऱ्या शिंगाची. दर हिवाळ्यात केलेमेन ती काचेवर घासी, मेण लावी, लोकरीच्या फडक्याने चमकवी. गावातली मुलं त्याला केलेमेन बाची, म्हणजे केलेमेनकाका, म्हणत आणि त्याच्यापासून चार हात लांब राहत, कारण तो कुठल्याही कुंपणाला टेकून उभा असला तरी त्याच्या तोंडून सहासष्ट साल बाहेर पडल्याशिवाय राहत नसे.

आता क्लबात कुमारांचा एकच संघ उरला होता, आणि तो मुलींचा. मुलगे शहरातल्या मोठ्या क्लबांनी उचलून नेले होते. एतेल्काची नात किंचो या संघात आजोबांच्याच जागी, डाव्या बाजूला खेळे. ऑगस्टमधल्या एका सामन्यात तिचा एक पास चुकला आणि कुंपणापलीकडून केलेमेनचा आवाज आला, "पोरी, सहासष्टमध्ये असा पास दिला असता ना, तर आम्हाला घरी चालत पाठवलं असतं!" सगळं कुंपण हसलं.

घरी आल्यावर किंचोने बूट माळ्यावर भिरकावले आणि शिडी काढून लपवून टाकली.

"सोमवारी सराव आहे ना?" एतेल्काने विचारलं.

"असेल. मी नाही जाणार."

"एका पासावरून?"

"पासावरून नाही गं, आजी. या गावात सहासष्टनंतर जन्माला येणं हीच मुळात चूक आहे. आम्ही जिंकलो तरी म्हणतात, त्यांची सर नाही. हरलो तर म्हणतात, बघा, सांगितलं होतं. खेळवा म्हणावं तुमच्या बटणांनाच."

एतेल्का घेवड्याच्या शेंगा मोडत होती. तिने हातातली शेंग मोडली आणि म्हणाली, "खेळवते की."

दुसऱ्या दिवशी ती सभागृहात गेली. केलेमेन फडक्याने बटण चोळत बसला होता. शेजारी देझो सोडा घातलेली वाइन घेत होता.

"केलेमेन, या वर्षी तिसरा संघ येणार आहे. आत्ताच्या मुलींचा."

केलेमेनने मान वर केली. "बटणं कुठून आणणार, एतेल्का? त्यांच्याकडे कोट आहेत का? सगळ्या झिपवाल्या! टेबलावर झिप सरकवणार आहेस?"

देझो इतका हसला की वाइन नाकात गेली.

"तू कशाला हसतोस, देझो? तुझी तर दर वर्षी हरतात."

"हरतात, पण हजर तरी असतात, एतेल्का मावशी."

"नियम म्हणजे नियम," केलेमेन म्हणाला. "घरचा कोट, घरचं बटण. आणलंस तर तुझ्यासाठी खुर्ची मी स्वतः ओढीन."

त्या टेबलाशी आजवर एकही बाई बसली नव्हती. मनाई नव्हती, पण खुर्चीही कुणी दिली नव्हती.

एतेल्का घरी आली ती जरा नाउमेद होऊनच. किंचोचं जाकीट खुंटीला लटकत होतं. तिने ते वरून खाली चाचपलं. झिप, चिकटपट्टी, दोरी. बटण नावाला नाही. संघातल्या कुठल्याही मुलीच्या घरी हेच निघणार, हे ती जाणून होती. आयुष्यभर कोट शिवलेल्या बाईला ही हार फार जिव्हारी लागली. मग तिने वेंदेलच्या बापाचा जुना कोट कपाटातून काढला. दर उन्हाळ्याच्या शेवटी ती त्याला ऊन दाखवी आणि खिशातल्या डांबरगोळ्या बदली. आज काही सुचत नव्हतं म्हणून ते काम काढलं, इतकंच. कोट अंगणातल्या दोरीवर टाकताना आतली बाजू उलटली, आणि अस्तराच्या खालच्या टोकाला तिच्या बोटांना काहीतरी टणक लागलं.

ते जादा बटण होतं. प्रत्येक कोटाच्या आत एक जादा बटण लावायचं, ही शिंप्यांची जुनी पद्धत. बाहेरचं तुटलं तर हे वापरायचं. लाल दोऱ्याची फुली मारून ते तिनेच लावलेलं. त्या काळी ती सगळी जादा बटणं लाल दोऱ्यानेच लावी, कारण लाल दोरा आत कुणाला दिसत नाही आणि बाहेरच्या कामाला कुणी मागत नाही. बाहेरचं बटण तुटलं नव्हतं, मिरवायला कापलं होतं. म्हणून आतल्याची कुणाला कधी गरजच पडली नाही. तेच शिंग, तोच कोट, तेच घर. फक्त इतकी वर्षं अंधारात.

एतेल्का अंगणातच बसली आणि एकटीच हसू लागली. शेजारीण कुंपणावरून डोकावून गेली.

मग तिने कात्री पिशवीत टाकली आणि घरं पालथी घालायला सुरुवात केली. बहुतेक मुली सहासष्टच्याच कुणा ना कुणाच्या नाती निघाल्या. कुठे कोट पेटीत होता, कुठे बुजगावण्याच्या अंगावर. एका घरी तर कुत्रा त्यावर झोपत होता आणि उठायला तयार नव्हता. त्याला सॉसेजचा तुकडा दाखवावा लागला. दोघींचे आजोबा कधी फुटबॉल खेळलेच नव्हते, पण कोट होते आणि अस्तरात लाल फुली होती. तेवढं पुरे.

शेवटचं घर केलेमेनचं. त्याची नात बोग्लार्का संघात पुढे खेळे. दार त्याच्या बायकोने, रोझीने उघडलं.

"केलेमेन कुठाय?"

"बटणं घासतोय, दुसरं काय! लग्नाला एवढी वर्षं झाली, माझी पाठ काही त्याने एवढी चोळली नाही."

एतेल्काने काम सांगितलं. रोझीने दोन्ही हात तोंडावर ठेवले, मग कपाट उघडलं.

"त्याला सांगू नकोस हं," एतेल्का म्हणाली.

"मी कशाला सांगू? आणि कोट उघडून बघेल म्हणतेस? आपल्या घरात कपाट आहे हेसुद्धा त्याला ठाऊक नाही."

सणाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं. बाहेर लांगोशच्या मोठाल्या पुऱ्या तळल्याचा आणि लसणाचा वास, आत टेबलाभोवती तीन रांगा. केलेमेनने सवयीप्रमाणे देझोला आधी हरवलं. मग एतेल्काने पिशवीतला रुमाल सोडला आणि बटणं मांडली. काळी, जाड, चमक नसलेली. खालची बाजू तेवढी तिने वाळूकागदावर सपाट केली होती. लाल दोऱ्याचे धागे भोकांत तसेच ठेवले होते. प्रत्येक बटण एकेका मुलीच्या नावे होतं.

"घरचे कोट?" केलेमेनने विचारलं.

"घरचे. विचार ज्याला विचारायचं त्याला."

रांगांमधून आजीबाईंचा एकच गलका झाला, "घरचे! घरचे!" केलेमेन उठला आणि शब्दाला जागून त्याने तिच्यासाठी खुर्ची ओढली. टाळ्या पडल्या. किंचो दाराशी भिंतीला टेकून उभी होती, हाताची घडी घालून. तिची मैत्रीण बोग्लार्का मात्र पुढे घुसली होती.

देझो पंच झाला. पहिला गोल केलेमेनचा. त्याची बटणं बर्फावरून जावीत तशी धावत. एतेल्काची अडखळत, थांबत, जागा धरून बसत.

"सहासष्ट!" केलेमेन ओरडला. "याला म्हणतात तयारी!"

एतेल्काची नजर समोरच्या डाव्या बाजूला गेली. ते वेंदेलचं बटण. तिने स्वतः कापलेलं. घासून घासून साबणाच्या चिपटीसारखं झालं होतं.

"वेंदेल एवढा बारीक कधीच नव्हता," ती म्हणाली. "आणि एवढा वेगवानही नव्हता. तो स्वतः सांगायचा, त्या वर्षी अर्धे सामने आपण चिखलात घसरून जिंकलो."

लोक हसले. केलेमेनचे कान लाल झाले. त्याने वेंदेलचंच बटण दाबलं. ते सुसाट आलं, पण चेंडूला टोला न देता त्याच्यावर चढलं, पलीकडे घसरलं आणि टेबलाखाली गेलं. केलेमेनने बोग्लार्काकडून ते उचलून घेतलं, पुन्हा दाबलं, तर पुन्हा तसंच झालं. दर हिवाळ्याच्या घासण्याने बटणांची कडच गेली होती. पोकळ प्लास्टिकपुढे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. जाड शिंगाला धडकली की मात्र ती उलटी फिरत, म्हाताऱ्याला कुणी कोपर मारल्यागत.

एतेल्काने किंचोचं बटण पुढे घेतलं. कंगवा टेकवला आणि दाबलं. टक्क आवाज झाला. चेंडू उचलला गेला, काडेपेटीवरून गेला आणि जाळ्यात पडला.

"गोल!" देझो किंचाळला. पंचाने किंचाळायचं नसतं हे तो विसरला. "देवाशपथ, गोल!"

दाराशी किंचोच्या हाताची घडी सुटली होती.

शेवटची खेळी एतेल्काची आली तेव्हा एक-एक अशी बरोबरी होती. चेंडू बोग्लार्काच्या बटणापुढे होता, वाकड्या कोनात. "आजी, कडेवर दाब!" मागून आवाज आला. किंचो कधी रांगा तोडून खुर्चीपाठी आली, ते एतेल्काला कळलंही नव्हतं. तिने अगदी कडेवर दाबलं. चेंडू काडेपेटीच्या खांद्याला चाटून आत गेला.

मग जो आरडाओरडा झाला, त्यात देझोची शिट्टीही ऐकू आली नाही. मुली खुर्च्यांवर चढल्या. आजीबाया एकमेकींच्या गळ्यात पडल्या. चौऱ्याऐंशीच्या संघातले पोट सुटलेले गडी तर आपणच जिंकल्यासारखे नाचू लागले.

"थांबा!" केलेमेनने टेबलावर हात आपटला. "ते बटण दाखव. शेवटचं."

एतेल्काने दिलं. त्याने ते उलटं केलं, सुलटं केलं, बोटाने कड चाचपली. लाल धागा पाहिला. मग टेबलावरचं स्वतःचं, कप्तानाचं बटण उचलून शेजारी ठेवलं. भोकं जुळत होती. फक्त त्याचं घासून घासून निम्मंच उरलं होतं.

"हे कुठल्या घरचं?"

"तुझ्या."

"रोझी!"

"ओरडू नकोस, तुझ्या मागेच उभी आहे," रोझी म्हणाली.

केलेमेनने बायकोकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं. मग तो छाती काढून उभा राहिला आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "म्हणजे जिंकवणारा गोल आमच्याच घरात आला तर!"

छप्पर उडेल इतके लोक हसले, आणि सगळ्यात मोठ्याने एतेल्का.

दारावरचा सहासष्टचा फोटो देझोने तिथल्या तिथे उतरवला. पण जागी लावायला मुलींचा फोटो होता कुठे? सगळे फोनमध्ये, तेही तोंडं वेडीवाकडी केलेले. "उद्या सकाळी मैदानावर," देझोने हुकूम सोडला. "पूर्ण पोशाखात, बुटांसकट. अनवाणी बाई दारावर लावणार नाही मी."

किंचो आजीच्या कानाशी वाकली. "आजी, शिडी कुठे ठेवली होती गं मी?"

"तू लपवलीस, तूच शोध."

सोमवारी फोटो झाला आणि मुली तशाच सरावाला गेल्या. किंचोही गेली. पुढच्या रविवारी सामना होता. ऊन चांगलंच तापलं होतं, तरी केलेमेन कुंपणाशी आला तो बापाचा जाड ओव्हरकोट घालून, गळा उघडा टाकून. घामाच्या धारा लागल्या होत्या. वरच्या बटणाची रिकामी जागा लोकांना दिसावी म्हणून तो मान वर करून उभा होता. स्वतःचा आणि नातीचा, असा दोघांचा अभिमान त्या एका जागेत मावत नव्हता.

किंचोने डावीकडून लांबवर पास टाकला. तो बचाव करणाऱ्या दोघींच्या मधून गेला आणि बोग्लार्काने पाय नुसता लावला.

"सहासष्टमध्ये..." केलेमेन गरजला आणि सगळं कुंपण त्याच्याकडे वळलं. एतेल्कानेही पाहिलं.

"सहासष्टमध्ये असा पास आमच्यातल्या एकालाही देता आला नव्हता!"