चूक: नाही

वडगावात रवळूआप्पाला दोन गोष्टींसाठी ओळखतात. शेजारच्या घरातला माग बिघडला की नुसत्या आवाजावरून काय बिघडलंय ते तो सांगतो. आणि बुद्धिबळाचा डाव जिंकला की समोरच्याला हसून नाही, तर आपलं काय चुकलं ते सांगून बेजार करतो.

कणकुंबीकडनं विशीत आला, पावरलूमवर उभा राहिला, आणि सुट्टीच्या दिवशी कट्ट्यावर मांडलेल्या पटानं त्याला धरलं ते कायमचं. चार विणकर जमवून त्यानं मंडळ काढलं. खुर्च्या नव्हत्या, पण नियम होता. डाव संपला की जिंकणाऱ्यानं आधी आपली चूक सांगायची, वहीत डावाखाली लिहायची. तोवर हरलेल्यानं तोंड उघडायचं नाही. पाहुण्यांनाही सूट नव्हती.

"हरल्याला चूक दावायला सगळा गाव हाय," आप्पा म्हणायचा. "जितल्याला कोन दावनार?"

असा शहाणा नियम करणाऱ्या माणसानं तो एकदाच मोडला, आणि मोडला तो भिंतीवर टांगून. शहाण्णव साली निपाणीच्या मंडळाशी सामना होता. गुण बरोबरीत, शेवटचा डाव उरलेला. समोर जिनदत्तअण्णा, तंबाखूचे व्यापारी, बोलायला कमी आणि खेळायला जबर. रवळूनं एक हत्ती उघडउघड मारायला दिला. अण्णांनी तो घेतला, पुढचा हल्ला बघितला, वीस मिनिटं विचार केला, आणि हार मानून राजा आडवा करत हात पुढं केला. वडगावानं रवळूला खांद्यावर घेतलं. त्या भरात त्यानं वहीत लिहिलं: 'चूक: नाही.' पोरांनी ते पान काचेच्या चौकटीत बसवलं. तेव्हापासून ते मंडळाच्या खोलीत घड्याळाच्या वर होतं, आणि नवीन येणाऱ्या प्रत्येकाला आधी तेच दाखवायचे.

आप्पाची सून नीलम एका खासगी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते, आणि खेळतेही बरी. यंदा तिनं मंडळाच्या जुन्या वह्या लॅपटॉपवर चढवायला घेतल्या. डाव भरला की बुद्धिबळाचं इंजिन कुठली चाल बरी आणि कुठली वाईट ते सांगतं. आप्पा तर खूश झाला. "ह्याला च्या लागत न्हाय, राग येत न्हाय, आनि कुनाची भीड न्हाय," तो म्हणायचा. वहीतल्या चुका आणि इंजिनानं काढलेल्या चुका जुळल्या की त्याची छाती फुगायची, आणि दहातल्या सातदा त्या जुळायच्या.

चौकटीतला डाव नीलमनं शेवटी घेतला. एका रविवारी दुपारी तिनं हाक मारली, "आप्पा, जरा हिकडं बसा."

हत्ती दिला ती चाल पडद्यावर चुकीची म्हणून लाल झाली होती. अण्णांनी वजीर देऊन समोरचा घोडा मारला असता, तर हल्लाच संपत होता. मग वजीर व्हायला निघालेलं अण्णांचं कडेचं प्यादं अडवायला आप्पाकडे कुणी उरत नव्हतं. जिनदत्तअण्णांनी जिंकलेला डाव सोडून दिला होता.

आप्पानं चष्मा पुसला. मग तीन दिवस माग बंद ठेवून तो पटासमोर बसला. दर वेळी नवी चाल शोधायचा, आणि दर वेळी ते कडेचं प्यादं पुढं निघायचं. माणूस मोठा हट्टी, पण पटाशी खोटं बोलणं त्याला कधी जमलं नाही.

नीलमला त्याचं उतरलेलं तोंड बघवेना. "हा डाव मी चढवतच न्हाय, आप्पा. कुनाला कळनार हाय?"

"मला कळलं न्हवं?" आप्पा म्हणाला.

पुढच्या रविवारी मंडळाचा वार्षिक मेळावा होता आणि पाहुणे म्हणून येणार होते खुद्द जिनदत्तअण्णा. आप्पाचं सगळं नाव त्या एका पानावर उभं होतं. ते गेलं की मागं उरणार होता एक म्हातारा विणकर, ज्याला फुकटचा डाव मिळाला होता आणि जो तो वर्षानुवर्षं मिरवत होता.

मेळाव्यात हार झाले, नारळ झाले. आप्पा उठला, स्टुलावर चढला, आणि चौकट उतरवून टेबलावर ठेवली. पन्नास माणसं बघत होती. त्यानं एक शब्द गिळला नाही. हत्ती द्यायला नको होता, अण्णांनी वजीर देऊन घोडा मारला असता तर आपण मेलो असतो, हे त्यानं पटावर मांडून दाखवलं. मग हात जोडले. "अण्णा, तुमी हरला न्हवता. माझं चुकलं, आनि मी लिवलं 'नाही'."

अण्णांनी पटाकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

"त्या दिवशी निपाणीला परत जाताना बस संकेश्वरला पोचायच्या आत मला ती चाल सापडलीती," ते म्हणाले.

आप्पानं विचारलं, "मग इतकी वर्सं बोलला का न्हाई?"

"नियम तुझाच न्हवं, रवळू? जितल्यानं आधी सांगायचं. मी वाट बघत हुतो."

आप्पाचे डोळे भरून आले, आणि ते त्यानं लपवले नाहीत. अशा माणसाशी आपण खेळलो, याचा त्याला जेवढा अभिमान वाटला तेवढा त्या चौकटीचाही कधी वाटला नव्हता. नीलमकडून पेन घेऊन त्यानं काच काढली, 'नाही' खोडलं आणि खाली लिहिलं: 'हत्ती दिला. आणि इतकी वर्षं चूक शोधली नाही.'

मग त्यानं पटावरचे सगळे मोहरे परत पहिल्या घरांत लावले आणि अण्णांपुढं खुर्ची ओढली.

"माझं सांगून झालं, अण्णा," तो म्हणाला. "आता तुमी बोला."