मे महिन्यातल्या रजया

बदली होऊन जयपुरात आलो त्याला काही वर्षं झाली, त्यामुळे पाहुण्यांना सावध करण्याचं खातं घरात माझ्याकडे आहे. साताऱ्याहून मावशी आली तेव्हा मी स्टेशनवरच सुरू झालो. अनोळखी माणसाला पत्ता सांगायचा नाही, रिक्षावाल्याने दुकान दाखवतो म्हटलं तर उतरायचं नाही, मोबाइल हातात मिरवायचा नाही. माझासुद्धा मी तिच्या पर्समध्ये टाकला.

देवळातून प्रताप नगरला परतताना रिक्षात माझं बजावणं चालूच होतं, तेही मराठीत, म्हणजे रिक्षावाल्याला कळू नये. आम्ही रेल्वेतली मराठी मंडळी बाजारात असंच करतो. घासाघीस हिंदीत, दुकानदाराची निंदा मराठीत. रिक्षावाल्याला त्यातून एवढंच कळलं की हे दोघे बाहेरचे. त्याने रिक्षा रजयांच्या दुकानासमोर उभी केली.

"दो मिनट, भाईसाब. देखने का क्या लगता है?"

"मला नको बाबा," मावशी म्हणाली. "मी बसते इथंच."

मीही बसायला हवं होतं. पण आपण कोण ते यांना दाखवलंच पाहिजे, असं वाटून मी तरातरा आत गेलो आणि गादीवरच्या विक्रेत्याला सुनावलं, "मैं टूरिस्ट नहीं हूँ. यहीं का हूँ."

तिथेच फसलो. टूरिस्ट 'नको' म्हणून निघून जाऊ शकतो. इथल्या माणसाला चहाशिवाय कोण सोडणार?

"फिर तो घर की बात है. बैठिए. कौनसी कॉलोनी?"

"प्रताप नगर."

"हमारे साढू वहीं हैं. कौनसा सेक्टर?"

सेक्टर सांगितला. घराचा नंबरही सांगितला, कोणी विचारला नसताना.

बाहेर ऊन भाजत होतं आणि आत एसी असा की दात वाजावेत. "गरमाहट देखिए," म्हणत त्याने एक रजई माझ्या मांडीवर पसरली. मग तिच्यावर दुसरी, गुलाबी. मग हत्तींची. मी छातीपर्यंत गाडला गेलो. वरून हातात गरम चहा दिला, म्हणजे हातही गुंतले. उठतो म्हटलं की तो म्हणे, "अपने आदमी होकर जल्दी करते हैं?"

तेवढ्यात बाहेर रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, आणि लांब गेला.

मावशी एकटी, शहर अनोळखी, दोन्ही मोबाइल तिच्याकडे. आणि पत्ता कोणाला सांगायचा नाही, हे मीच तिला पढवलेलं. चहा हत्तींवर सांडला. मी रजया लाथाडून बाहेर धावलो. दारात रिक्षा नव्हती. डांबरावर चार पावलं टाकल्यावर कळलं की पायात बूट नाहीत. गादीवर चढताना काढलेले, कोणीतरी आत नेऊन ठेवलेले. तसाच उड्या मारत कोपऱ्यापर्यंत गेलो.

रिक्षा कडुलिंबाखाली उभी होती. मावशी आत पदराने वारा घेत होती. रिक्षावाला शेजारी पाणी पीत होता.

"ऊन लागायला लागलं, म्हणून त्याला सावलीत घ्यायला लावली," ती म्हणाली. मग तिची नजर माझ्या पायांकडे गेली. "काय रे, बूटसुद्धा काढून घेतले?"

"आत राहिलेत. आणतो."

"थांब," पर्स काखेत घट्ट धरून ती उतरली. "एकटा जाऊ नकोस. मी येते."