सोडायची पकड

बोनकोड्यात आमच्या घरी कबड्डी सगळ्यांच्या अंगात मुरलेली. बाबा गावच्या संघात कोपऱ्यावर खेळायचे. त्यांनी घोटा धरला की चढाईला आलेला गडी जागचा हलायचा नाही. मलाही त्यांनी एकच गोष्ट शिकवली, "धरलंस का सोरायचं नाय."

नेरूळच्या कॉलेजात मी रग्बीत शिरले ती याच भांडवलावर. दोन्ही बाजूंना सात-सात जणी, चौदा मिनिटांची मॅच; मला वाटलं, आपलाच खेळ, फक्त बॉल जास्तीचा. कॉलेजच्या मॅचमध्ये ते खपलंही. मी घोटा धरून समोरचीला आडवी करायचे आणि तिला तशीच धरून पडून राहायचे. पंच काणाडोळा करायचे.

जिल्ह्याच्या स्पर्धेत मात्र शिट्टी वाजली. रग्बीत पाडलेल्या खेळाडूला लगेच सोडावं लागतं. सोडायचं, उठायचं, मगच बॉलला हात घालायचा. मी सोडलं नाही, समोरच्यांना पेनल्टी मिळाली आणि आम्ही उपांत्य सामना हरलो. माझ्यामुळे.

पुढचं वर्षभर मी सोडायचा सराव केला. ऐकायला सोपं वाटतं. पण पडल्यावर श्वास संपलेला असतो, मांड्या भरून आलेल्या असतात, आणि तेव्हा उठण्यापेक्षा धरून पडणं किती सुखाचं, ते मलाच माहीत. बाबांना तर हा नियमच पटत नव्हता. "हाताला गावलेली सोरायची? ह्यो कसला खेल?"

त्या वर्षी जिल्हा जिंकून आम्ही थेट राज्याच्या अंतिम सामन्यात. शेवटचं मिनिट, दोन गुणांनी पुढे. एवढ्या वरच्या पातळीवरच्या मुली धडकल्या की बरगड्या मोजून घ्याव्या लागतात. त्यांची सगळ्यात धिप्पाड मुलगी बॉल घेऊन कडेनं सुटली. मी झेपावले, घोटा हातात आला, ती पडली आणि माझी बोटं आपोआप आवळली. पेनल्टी म्हणजे त्यांना तीन गुण आणि सामना गेला. कळत होतं, पण बोटं सुटेनात.

तेवढ्यात रेषेपलीकडून बाबांचा बसका आवाज आला, "सोर! सोर तिला!"

सोडलं. उठले. तिच्या हातातून बॉल ओढून घेतला, आणि हूटर वाजताच सामना संपवायला तो मैदानाबाहेर लाथाडला.

आम्ही राज्यात पहिल्या आलो. मी तिथंच गवतात बसून रडले, आनंदानं, कुणाची लाज न बाळगता. बाबा अजून गावभर सांगतात, पोरीला सोरायला मीच शिकवलं. मी ते एकदाही खोडून काढलेलं नाही.