वर आल्याचा निरोप

आमच्या घरात गोष्टींची पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. पप्पांच्या शिलाईच्या दुकानात कापडाच्या गठ्ठ्यांखाली कामगारांची, भाषेची, पाण्याची जुनी पत्रकं सापडत. अक्षरं मी त्यांच्यावरच ओळखायला शिकलो. पुढे मीही एक पत्रक काढलं. म्हैसूरची आमची मराठी अशुद्ध नाही, तिच्यातले कन्नड शब्द म्हणजे डाग नव्हेत, असं त्यात ठणकावलं. साधा निरोपसुद्धा घरच्या भाषेतच लिहीन, अशी शपथही घेऊन ठेवली.

वहिनी साताऱ्याची. ते वाचून म्हणाली, "भावोजी, तुमची मराठी निम्म्या वाटेत उतरते आणि कन्नडच्या बसमध्ये बसते." तिला हसायचा हक्क होता. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिनं पप्पा कुठे आहेत असं विचारलं, तेव्हा आई माडीकडे बोट करून म्हणाली होती, "ते मेले आहेत." कन्नडात मेले म्हणजे वर. वहिनी जिन्याकडे बघत राहिली आणि मग हसून हसून खाली बसली.

दादा तेव्हा नोकरीसाठी पूर्वेकडच्या एका बेटावर वर्षभर होता. तिथे तो सिलिंडर लावून समुद्रात उतरायला शिकला. मी त्याच्याकडे गेलो आणि मीही शिकलो. किनाऱ्यापासून नावेनं दोन तासांवर, प्रवाळाच्या उथळ पठारात एक खोल विवर होतं. नावेतून बघितलं तर फिकट हिरव्या पाण्यात गोल, काळपट निळी जागा. दादानं त्यात उतरावं हे वहिनीला पसंत नव्हतं. शेवटी तिनं एकच अट घातली : वर आलात की त्याच क्षणी कळवायचं.

पाण्यात बोलता येत नाही. तिथे अंगठा वर केला तर त्याचा अर्थ 'छान' होत नाही, 'वर चला' होतो. अंगठा म्हणजे मेले, असं दादानं मला पढवलं होतं.

मला अठरा मीटरचीच परवानगी होती. मी माझ्या गाईडबरोबर तेवढ्यावर थांबलो. दादा दुसऱ्या गाईडबरोबर खाली गेला. भिंत सरळ अंधारात उतरत होती. त्याच्या पायांतले पिवळे फिन आधी राखाडी झाले, मग नाहीसे झाले. बुडबुडे तेवढे माझ्या तोंडासमोरून वर जात राहिले. ते मघाचे श्वास होते. सोडणारा आता कुठे आहे, ते त्यांच्यावरून कळत नव्हतं. थोड्या वेळानं तेही थांबले. माझ्या गाईडनं अंगठा वर केला.

नावेत मी घड्याळाकडे बघत बसलो. ठरलेली वेळ टळली. नावाड्यानं एक जादा सिलिंडर दोरीला बांधून पाण्यात सोडला, खाली हवा संपलीच तर म्हणून. आणखी बऱ्याच वेळानं ते दोघं विवराच्या पलीकडच्या कडेला वर आले. दुसऱ्या भिंतीनं चढले होते, इतकंच. दादा मास्क कपाळावर सरकवून हसत होता.

फोनवर सिग्नलची एकच काडी होती. मी वहिनीला दोन शब्द लिहिले : दादा मेले. निरोप गेला आणि सिग्नलही गेला. किनाऱ्याला लागेपर्यंत दोन तास तो आला नाही.

किनाऱ्यावरून दादानं घरी फोन केला. वहिनी "बरं" म्हणाली आणि जेवलात का, एवढंच विचारलं.

महिन्यानं म्हैसूरला परतल्यावर मी गमतीनं विचारलं, माझा निरोप वेळेवर पोचला ना? ती शेंगा सोलत होती.

"अर्थ मला माहीत होता, भावोजी. माहीत असून वाचता आला नाही."

त्या दिवशी आई-पप्पा टी. नरसीपूरला गेले होते. ती घरात एकटीच होती. मी दादाला कधीच अहो-जाहो करत नाही, तसं काही असतं तर 'मेला' लिहिलं असतं, हेसुद्धा तिला सुचलं नाही. फोन लावत राहिली, लागला नाही. शेजारी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं की पक्कं होईल, असं वाटलं. मग ती न्हाणीत गेली आणि डोक्यावरून गार पाणी घेतलं.

"मी त्यांच्या नावानं आंघोळ केली."

कुणाचा राग आला की आपण हे सहज बोलतो. तिनं खरोखर केली होती. फोन वाजला तेव्हा तिच्या केसांतून पाणी गळत होतं.

माझा शब्द चुकीचा नव्हता, हे मी आजही कुठल्याही सभेत मांडीन. पण तिच्यापुढे मला ते मांडता आलं नाही. ते दोन तास दादा आमच्या घरात मेलेला होता, आणि तसं करणारे शब्द मीच लिहिले होते. आताही तो जेवायला बसला की मी त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघतो.

मागच्या आठवड्यात त्यानं पुन्हा तिकडे जायचं काढलं. वहिनीनं नको म्हटलं नाही.

"जा. फक्त काही कळवू नका. परत या आणि दारात उभे राहा."

दादा हसला, म्हणाला, हे बरं झालं, एक काम कमी. तिनं माझ्याकडे बघितलं. त्या आंघोळीचं आम्ही दोघांनी त्याला कधीच सांगितलेलं नाही.