एकाच पंगतीला मालक आणि युनियन

नवी सून गप्प असली की लोक तिच्यासमोर बिनधास्त बोलतात. देगलूरहून लग्न करून लातूरला आले त्याला वर्षही झालं नाही, पण किस्से एवढे साचलेत की कुणाला तरी सांगितल्याशिवाय नव्यांना जागा नाही!

आधी माणसं सांगते. सासरे, म्हणजे मामा, जन्मभर हमाल. आता हमालांच्या युनियनचे पुढारी. मोठे दीर, म्हणजे दादा, कर्ज काढून दाळमिलचे मालक झालेले. यंदा दादांच्याच मिलमध्ये संप झाला. मागणी एकच: शंभर किलोचं पोतं बंद, पन्नास किलोची छोटी गोणी, म्हणजे कट्टा, सुरू. पुढारी अर्थात मामा!

*

मामा संपाला जायचे दादांच्याच गाडीतून. पण मिलच्या अलीकडच्या वळणावर उतरायचे.

"गेटपर्यंत सोडतो की, बाबा."

"येडा हायेस का? मालकाच्या गाडीतून उतरलो तर माझं कोण ऐकंल?"

*

एका दुपारी दादा मला म्हणाले, "ऊन लई हाय. गेटवर बसलेल्यांना चहा नेऊन दे."

मी थर्मास घेऊन गेले. मामांनी हात आडवा केला. "मालकाचा चहा चालत न्हाई!"

आणला परत. सासूबाईंनी झाकणसुद्धा उघडलं नाही. "जा, आता माझा हाय म्हणून सांग."

सगळे प्याले. मामांनी तर कप पुन्हा पुढं केला!

*

रात्रीचं जेवण म्हणजे परिषदच.

दादा म्हणायचे, "तुमच्या रशियात काय झालं? पावासाठी रांगा लागल्या की!"

"आन् तुझ्या भांडवलशाहीत? दाळ भरणाऱ्याच्या ताटात वरण पातळ!"

मला खरंच कळेना, बरोबर कोण. वाढता वाढता दोघांचंही पटायचं. शेवटी स्वयंपाकघरात सासूबाईंना हळूच विचारलं.

"मला काय म्हाईत? दोघांच्या बी राज्यात भांडी आपल्यालाच घासायची हायेत."

*

संप काही मिटेना. दादांचं म्हणणं, कट्टे केले की शिलाई दुप्पट, फेऱ्या दुप्पट, धंदा बसंल. मामांचं म्हणणं, शंभर किलोखाली तर माणसंच बसतील.

अशात तुरीचा ट्रक आला. उतरवायला कुणी नाही. दादांनी बाह्या सारल्या. "माझा बाप शंभर किलो उचलत व्हता, मी न्हाई उचलणार?" आणि पोतं पाठीवर घेतलं.

मी चहा घेऊन तिथंच होते. गेटवर मामांनी मूठ वर केली होती.

"इन्कलाब... आरं गुडघ्यात वाक, गुडघ्यात! कंबरेत न्हाई!"

उशीर झाला होता. दादांना चौघा संपकऱ्यांनीच उचलून गाडीत घातलं.

संध्याकाळी दादा दिवाणावर पालथे. मामा शेजारी बसून कंबरेला बाम चोळत होते.

मग उशीत तोंड खुपसूनच दादा म्हणाले, "पन्नास."

मामांचा हात थांबला नाही.

"लेखी दे."