बेअरिंगखालचे टिपके

माझी आक्का माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न झालं तेव्हा मी शाळेत जायचे, त्यामुळे दाजींनी मला मेहुणी म्हणून कधी वागवलंच नाही. ते मला ‘धाकले’ म्हणतात. सोलापुरात एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत त्यांचं लेथचं वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिल मशीन आणि ते.

शेंगदाण्याच्या चटणीचा माझा धंदा घरातून वाढत वाढत भाड्याच्या गाळ्यात गेला, तेव्हा मी जुनं कांडप मशीन घेतलं. लोखंडी मुसळं एका आडव्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे शाफ्टवर, उचलली जातात आणि खाली उखळात पडतात. त्यात सारखं काहीतरी झिजतं. दर वेळी मी दाजींना फोन करायची. एकदा ते म्हणाले, “मी हाय तवर ठीक हाय. पण चांगलं वर्कशॉप कसं वळखायचं ते तू शीक.”

मग एका रविवारी ते मला एमआयडीसीत हिंडवायला घेऊन गेले. एका ठिकाणी मोठं, चकचकीत, कॉम्प्युटरवर चालणारं मशीन होतं. मी भारावून बघत राहिले. बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, “ही मानसं एकसारके हजार नग काढत्यात. तुजा एक शाफ्ट घेऊन गेलीस तर आठवडाभर कोपऱ्यात पडंल.” दुसऱ्या ठिकाणी मालकानं आम्ही नेलेला जुन्या शाफ्टचा नमुना हातात घेतला आणि लगेच, उद्या देतो म्हणाला. दाजींनी नमुना परत पिशवीत टाकला. “ह्यो कशावर चालतो, वजन किती पडतं, काय इचारलं का त्येनं? जो इचारत न्हाय त्येला द्यायचं न्हाय.” मापाची साधनं डब्यात ठेवलेली आहेत की चिंध्यांखाली पडलेली, ते बघायला सांगितलं. ‘हे काम माझ्या मशीनवर होणार नाही’ असं स्वतःहून सांगणारा कारागीर लक्षात ठेवायला सांगितलं.

आणि शेवटी ही गोष्ट. शाफ्ट बारीक झाला की त्याला पेलणारी बेअरिंगची कडी त्यावर ढिली बसते. मग काही लोक शाफ्टवर पंचनं, म्हणजे टोकदार खिळ्यासारख्या हत्यारानं, टिपके मारतात. टिपक्यांच्या कडा वर येतात, त्यावर बेअरिंग घट्ट बसल्यासारखी वाटते, आणि थोड्याच दिवसांत पुन्हा हलते. “टिपके मारणाऱ्याची पायरी चढू नगंस,” दाजी म्हणाले.

पुढच्या वर्षी शाफ्ट पार झिजला. नवा अर्थातच दाजींनी करून दिला. त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरी वाढल्या आणि मशीन घरघरायला लागलं. बेअरिंगला हात लावला तर चटका बसत होता. गल्लीतल्या मेकॅनिकनं बेअरिंग ओढून काढली. खाली शाफ्टवर टिपके होते, ओळीनं, जवळजवळ मारलेले.

मी ते बोटानं पुसून बघितले, तेलाचे डाग असावेत म्हणून. मग मला राग आला. दुसऱ्याचं काम असतं तर असं केलं असतं का, घरचीच आहे म्हणून भागवलं, असं माझ्या मनात आलं. दाजींना फोन लावायचं मात्र माझ्या मनात आलं नाही.

त्यांनी शिकवलं होतं त्याच रीतीनं मी दुसरं वर्कशॉप शोधलं. मालक घरी तेलुगू बोलणारा, मध्यम वयाचा माणूस. त्यानं मशीन कसलं, मुसळं किती जड, दिवसात किती तास चालतं, सगळं विचारलं. मग शाफ्ट उजेडात धरून म्हणाला, “कोणी केलाय ताई?”

“मशीनबरोबरच आलाय,” मी म्हणाले. “हैदराबादहून.”

“नवा दिसतो,” तो म्हणाला. त्यानं शाफ्ट फिरवून पाहिला. “करणारा माणूस चांगला आहे. टोकाचे आटे बघा किती साफ आहेत. मापच चुकलं असणार.”

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. नवा शाफ्ट उत्तम चालला. दिवाळीची ऑर्डर वेळेवर गेली.

भाऊबीजेनंतर आक्काकडे गेले तेव्हा चटणीचा डबा मी दाजींच्या उजव्या बाजूला ठेवला. ते डबा कुठं आहे म्हणून विचारत राहिले आणि आक्का हसून म्हणाली, “म्हातारपण आलं.” मीही हसले. नंतर चहाचा कप ठेवताना त्यांनी तो टेबलाच्या कडेवर ठेवला. मी तो आत सरकवला. हे सगळं मी बघत होते. तरी “शाफ्ट कसा हाय?” असं त्यांनी विचारलं तेव्हा “मस्त चाललाय” म्हणून मी विषय बदलला. मनात तोच राग होता. त्यांनी पुढं काही विचारलं नाही.

माघात आक्काचा फोन आला. दाजींची स्कूटर उजव्या बाजूनं आलेल्या हातगाडीवर आदळली होती. लागलं फारसं नव्हतं, पण गाडी दिसलीच नाही असं ते म्हणाले म्हणून आक्कानं त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. काचबिंदू निघाला. उजव्या डोळ्याची बरीचशी नजर गेली होती. गेलेली परत येत नाही, उरलेली थेंब घालून सांभाळायची, असं डॉक्टरांनी सांगितलं.

मी गेले तेव्हा ते खाटेवर बसले होते. आक्का पलीकडे लसूण सोलत होती.

“धाकले,” ते म्हणाले, “त्यो शाफ्ट तू बदललास न्हवं?”

“हो, दिवाळीतच,” मी म्हणाले.

“मला वाटलंच. मायक्रोमीटरवरचा आकडा मी उजव्या डोळ्यानं बघायचो. कदी दिसायचा, कदी न्हाय. शाफ्ट बारीक उतरला. पुन्यांदा करायचा तर पुन्यांदा त्येच व्हणार. म्हनून टिपके मारले.” मग ते म्हणाले, “तू येशील, माज्याशी भांडशील, असं वाटलं व्हतं. कुनाला तरी सांगायचंच व्हतं मला. आपल्या आपून तोंड उगडंना.”

“मला वाटलं, घरचं काम म्हणून तुम्ही...” मी म्हणाले.

“व्हय, तसं वाटनारच की.”

आक्काचे हात थांबले. “तुला दिवाळीतच कळलं होतं?” तिनं मला विचारलं.

“डोळ्याचं नव्हतं कळलं, आक्का.”

“पण काहीतरी कळलं होतं.”

मी मान हलवली. ती पुन्हा लसूण सोलायला लागली आणि मी निघेपर्यंत माझ्याशी बोलली नाही.

नंतर मी एकटी त्या डॉक्टरांकडे गेले. दिवाळीत आणलं असतं तर फरक पडला असता का, विचारलं. ते म्हणाले, थोडा पडला असता, किती ते सांगता येत नाही. हे उत्तर मी आक्काला सांगितलं. न सांगणं पुन्हा नको होतं. तिनं ऐकून घेतलं.

दाजींनी एक लेथ विकला. दुसऱ्यावर आता एक अनुभवी कारागीर काम करतो आणि माप तोच घेतो. दाजी सकाळी जाऊन बसतात. येणाऱ्याला प्रश्न विचारणं अजून त्यांच्याकडेच आहे. मी माझं काम पुन्हा तिथं नेते. दाजींना बरं वाटतं. त्यानं मला मात्र मोकळं वाटत नाही.

आक्का दुपारी बालवाडीत मदतनीस म्हणून जाते, तेव्हा थेंब घालायला मी त्यांच्या घरी जाते. दाजी मान मागं टाकतात, मी पापणी खाली ओढून बाटली दाबते. मग ते डोळे मिटून पडून राहतात आणि मला चटणीचं, मशीनचं काहीबाही विचारतात. मी जे असेल ते सांगते.